पवळीचं दूध

(लालबाग, जानेवारी १९५६. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली आहे. पडद्यामागे खाटेवर लवू झोपलेला. त्याची आई जाईबाई आणि बायको शेवंता डॉक्टरांशी बोलत आहेत.)

डॉक्टर – हळू बोला, जागा होईल. पाठीला नुसतं बोट टेकवलं तर माणूस कळवळला. हे कधीपासून?

शेवंता – पाठ धरलीय संक्रांतीच्या आधीपासनं. पण भिंत धरून का होईना, उठत होते. आता कूससुद्धा बदलवत नाही. म्हणून तर तुम्हाला घरी बोलावलं. एरवी आम्हीच यायचो ना दवाखान्यात.

जाईबाई – पोलिसांनी सोडल्यानी तुमका?

डॉक्टर – सोडलं, पण बॅग उघडायला लावली. छातीला लावायची नळी बाहेर काढून म्हणतात, हे काय हत्यार? म्हटलं, ह्यानं माणसाचं काळीज ऐकतात. तर तो हवालदार म्हणतो, मग आमच्या साहेबाला लावून बघा, आहे का ते.

जाईबाई – तेवढो एक तरी शाणो निघालो. बसा हंय पेटयेवर. खुर्ची नाय आमच्यात. डोळे कित्या लाल झालेत तुमचे?

डॉक्टर – नाक्यावर धूर सोडला होता. असू दे. मावशी, ताप कसा येतो ते मला पुन्हा एकदा सांगा. घाई न करता.

जाईबाई – ताप कसलो, भरतीचा पाणी ता. दिवस कलतीक लागलो की पायाकडून चढता. दात वाजतत. मग पहाटे असो घाम सुटता की गोधडी पिळूची. मग आठ-दहा दिवस काय नाय. माणूस हसता, बोलता, मिलात जायन म्हणता. मी देवाक नारळ बोलतंय, आणि नारळ आणीपर्यंत ताप परत दारात.

डॉक्टर – आणि हा वास? चादरीला येतोय तो?

शेवंता – तुम्हालाही आला ना? मला वाटलं, मलाच येतो. भिजलेल्या गवतासारखा. सोडा घालून उकळते, ऊन देते, तरी जात नाही. पहिल्यांदा वाटलं, पवळीचा असेल.

डॉक्टर – पवळी कोण?

जाईबाई – घेवा! नाव घेतला आणि ओरडली बघा. शंभर वर्सा आयुष्य बायेक.

डॉक्टर – हा आवाज... ही बकरी तुमची आहे? मला वाटलं, खाली कुणी खाटकानं बांधलीय.

जाईबाई – खाटीक? तोंडात साखर पडो तुमच्या, पण असला बोला नको. बकरी नाय ती, लक्ष्मी आसा. गॅलरीच्या टोकाक बांधलंय. शेजारचो सीताराम रोज भांडता. म्हणता, हंय माणसांका पाय पसरूक जागा नाय, तुझ्या बकरीक गॅलरी कित्या? परवा त्येनी मोर्च्याची पत्रका आणून ठेवल्यान, ती पवळीन सगळी खाल्ल्यान. मी म्हटलंय, आता ती पण संयुक्त महाराष्ट्राची झाली, आता कोण काढता तिका मुंबईतून ता बघतंय!

शेवंता – आई, डॉक्टरांना हसू नाही आलं.

डॉक्टर – नाही, तसं नाही. पण मावशी, मी लवूला विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा ताप आला तेव्हा, आणि परत दिवाळीनंतर. जनावरांशी कधी संबंध येतो का, घरी, गावी, कुठेही? तो म्हणाला, नाही.

जाईबाई – देवा म्हाराजा! जनावराशी कसलो संबंध? आमच्या घरात जनावर कित्या येयत? गावच्या घराक सुदीक मी स्वता दारात हळद-पाणी शिंपडतंय. एकदा परसात निघाला होता, ता पण राखणदाराचा, काय करूक नाय, निघान गेला.

डॉक्टर – निघून गेलं? काय निघून गेलं?

शेवंता – आई, थांबा. डॉक्टर, आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणजे साप.

डॉक्टर – साप...

शेवंता – हे तर लहानपणापासनं भितात. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी बाजूलाच होते. हे काय म्हणाले, आठवतंय का तुम्हाला?

डॉक्टर – आठवतंय. हसला होता. म्हणाला, छे हो, जनावर दिसलं की मी पहिला पळतो. मीही हसलो होतो. म्हटलं, गिरणीतला माणूस, कुत्र्याला भीत असेल. मग मी गुरांचंही विचारलं.

जाईबाई – गुरा खंय आसत आता? गाय-बैल मेल्या घोवाच्या आजारात विकलंय. खोटा सांगूक नाय तो.

डॉक्टर – नाही मावशी, तो खोटं नाही बोलला. कुणीच खोटं नाही बोललं. ही शेळी मुंबईत कधी आणलीत?

जाईबाई – गणपती झाले, बोटी चालू झाल्यो, तशी घेवन इलंय. मालवणाक बोटीवर चढवताना चौघे लागले. तांडेल म्हणता, आजये, तिकीट कोणाचा, तुझा की तिचा? मी म्हटलंय, तिचा काढ, माका फुकट ने. माझा काय, मी रडत बसान. ती भाऊच्या धक्क्यापर्यंत हूं नाय की चूं नाय. जशी काय तिका ठावक होता, खंय जाऊचा आसा आणि कोणासाठी.

डॉक्टर – कशासाठी आणलीत?

जाईबाई – तुमीच नाय सांगलात? क्षय म्हणून?

डॉक्टर – सांगितलं होतं.

जाईबाई – मग? गावच्या वैद्यान सांगल्यान, क्षयाच्या माणसाक शेळयेचा दूध अमृत. काढल्या-काढल्या, ऊन-ऊन, तसाच. उकळला की त्येतलो जीव जाता. आणि शेळी जवळ बांधूची, तिचो श्वास छातीक बरो. म्हणून रातची तिका त्येच्या खाटयेच्या पायाक बांधतंय. शेवंता नाक मुरडता, पण माका सांगा, बायकोच्या नाकापेक्षा घोवाची छाती मोठी की नाय?

शेवंता – मुरडत नाही मी. अंग चोरून झोपते, एवढंच.

डॉक्टर – दूध कोणकोण पितं?

जाईबाई – कोण पितला? दोन वेळ मिळान दोन पेले देता बिचारी. सगळा त्येका. चायत थेंब पडूक दिलंय नाय. हिका विचारा. एकदा हिची मांजर तोंड लावूक गेली, तिका लाटणा फेकून मारलंय.

शेवंता – खरं आहे. आम्ही दोघी कोराच चहा पितो. तुम्हीच म्हणालात ना, दूध जास्त द्या, अंगात ताकद यायला हवी.

डॉक्टर – हो. म्हणालो. मावशी, एक शेवटचं विचारतो. ही दूध देते, म्हणजे व्यालेली असणार. तिचं पिल्लू कुठे आहे?

जाईबाई – नाय ऱ्हवला. शिमग्यात गाभ टाकल्यान तिना. दिवस भरूक थोडेच उरले होते. अडली होती. लवू तेवा पालखयेक गावाक इलो होतो. मी म्हटलंय, वैद्याक बोलव, तर म्हणता, आई, तोवर मरात ती. बाह्यो सारल्यान आणि हात घालून काढल्यान त्येनीच. मेलेला होता. पवळी रातभर त्येका चाटीत बसली. तेवा मी तिच्या कपाळाक हात लावून म्हटलंय, बाये, तुझा गेला ता गेला. तुझ्या पान्ह्याक आता माझो झील धर.

डॉक्टर – उघड्या हातानं.

जाईबाई – मग कशान? काय झाला?

डॉक्टर – काही नाही. मावशी, मला लवूचं थोडं रक्त घ्यायचंय. थोडं गरम पाणी मिळेल?

जाईबाई – शेवंता देतली. मी जरा पवळीक बघून येतंय, येळ झाली तिची. डाक्टर, जाव नको हां तसेच. धूर गिळत इलात माझ्या झिलासाठी.

शेवंता – गेल्या. आता सांगा. चेहरा बघितला मी तुमचा. पिल्लू मेलेलं म्हणाल्या ना, तेव्हा उतरला.

डॉक्टर – शेवंताबाई, हा क्षय नसावा. एक्स-रे साफ होता, थुंकीतही कधी काही सापडलं नाही, तरी मी क्षयच धरून बसलो. कारण सुया दिल्या तशी पावसाळ्यात त्याला आराम पडला. मला वाटलं, औषध लागू पडलं म्हणजे रोग तोच. पण ते औषध ह्या रोगालाही अर्धंमुर्धं लागू पडतं. नुसतं दाबून ठेवतं, मुळातून काढत नाही.

शेवंता – ह्या म्हणजे कुठल्या?

डॉक्टर – शेळ्या-म्हशींचा ताप आहे एक. जंतू असतो. त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. खातात, पितात, पत्रकं खातात. फक्त गाभ टाकतात. मग तो जंतू दुधातनं येत राहतो, महिनोन्‌महिने. लवूनं हात घालून पिल्लू काढलं, तेव्हाच बहुधा शिरला. हाताला एखादी जखम असेल.

शेवंता – साच्यावर काम करतात. मागाच्या दोऱ्यानं बोटं कायम चिरलेलीच असतात.

डॉक्टर – हं.

शेवंता – आणि नंतर... दूध.

डॉक्टर – उकळलं असतं, तर मेला असता जंतू. एक उकळी पुरे होती.

शेवंता – म्हणजे हे बरे होत होते. पावसाळ्यात. दसऱ्याला मिलात गेले होते, डॉक्टर. साच्याला फूल वाहून आले. आणि आईंनी तेव्हाच बोटीनं... नाही. नाही, असं नाही म्हणणार मी.

डॉक्टर – नक्की नाही सांगता येत. मुळातलाच असेल, तोच उसळला असेल. तपासल्याशिवाय हे सगळं माझ्या मनातलंच आहे.

शेवंता – तपासतात कसं?

डॉक्टर – रक्त निवळलं की वरचं पिवळं पाणी घ्यायचं. त्यात ह्याच रोगाचे मेलेले जंतू मिसळायचे. रोग असला, तर दूध फाटल्यासारखं ते... त्याच्या गुठळ्या होतात. एवढंच. इतकं सोपं आहे. पण मनात यावं लागतं. ज्याच्या मनातच येत नाही, तो कशाला मिसळून बघेल?

शेवंता – मग आज मिसळा.

डॉक्टर – प्रयोगशाळा परळला. इथून हाक मारली तर ऐकू जाईल. पण तिथं कुणी येऊच शकलं नाही सकाळपासून. मी आत्ता येतानाच पाहिलं, कुलूप आहे. आणि ह्यावरचं नवं औषध प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल. तिथल्या औषधांच्या दुकानांची फळकुटंसुद्धा लागलेली आहेत.

शेवंता – तर मग ह्यांना इस्पितळात न्या. आम्ही खांद्यावर घेऊ. चाळीतली पोरं आहेत.

डॉक्टर – व्हरांड्यात, जिन्याखाली, सगळीकडे गोळी लागलेली माणसं आहेत तिथे. ह्याला आत घेतील, पण बघणार कोण? नेऊ आपण. रस्ता मोकळा झाला की मी स्वतः येईन.

शेवंता – औषध मिळालं, तर बरे होतील ना?

डॉक्टर – आधी औषध मिळू दे.

शेवंता – डॉक्टर, मी लालबागची. माझा बाप मिलात पट्ट्यात सापडला, तेव्हा त्याचा मुकादम, जॉबरसुद्धा असाच खाली बघत उभा राहिला होता दारात. तुम्ही बोला.

डॉक्टर – आज छाती ऐकली. दिवाळीनंतर ऐकली होती, तेव्हा स्वच्छ होती. आज हृदयात एक आवाज आहे. फुंकर घातल्यासारखा. तो आधी नव्हता.

शेवंता – म्हणजे?

डॉक्टर – जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला असावा. पाठीत असता नुसता, तर माणूस वाकला असता, पण राहिला असता. इथे... औषध देणार मी. मिळेल तिथनं आणून देणार. पण तिथवर पोचलेला ताप उतरलेला मी अजून पाहिला नाही.

शेवंता – आणि शिमग्यानंतर लगेच कळलं असतं तर?

डॉक्टर – कळलं असतं, तर दसऱ्यालाच काय, त्याच्याही आधी तो साच्यावर असता.

शेवंता – एका शब्दानं.

डॉक्टर – मी बकरी म्हणायला हवं होतं. शेळी, म्हैस, एकेक नाव घेऊन विचारायला हवं होतं.

शेवंता – तुम्ही शिवाजी पार्कला राहता. तुम्हाला काय माहीत, आम्ही कशाला काय म्हणतो ते. मला माहीत होतं. मी तिथंच उभी होते. मलाही वाटलं, डॉक्टर सापाचं का विचारतात? मोठ्या माणसाला कसं विचारायचं, म्हणून गप्प बसले. ऐका. गातायत.

जाईबाई – दुधावरला गो फेस, वाऱ्या उडवू नको त्येस,
माझ्या बाळाच्या ओठास, रंग चढू दे रे...

शेवंता – रोज गातात. धार काढताना. स्वतःच जुळवलंय. आधी मला राग यायचा, की नवऱ्याला दूध पाजतात का बाळाला. डॉक्टर, एक मागते. आईंना सांगू नका.

डॉक्टर – दूध थांबवायला हवं. शेळी खाटेजवळ नको. धार काढायलाही त्यांनी जाता कामा नये, त्यांनाही होईल. न सांगता कसं जमेल?

शेवंता – सांगा, पचत नाही. सांगा, आता दुसरं पथ्य आहे. तुम्ही डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते ऐकतील. ते बरे होणार असते ना, तर मीच सांगितलं असतं, भांडून सांगितलं असतं. पण ते जाणार असतील तर आईंनी हे घेऊन जगायचं कसं?

डॉक्टर – बरं. पाहतो. आत जाऊन रक्त घेतो, मग हातावर पाणी घाला.

जाईबाई – काढलात रगत? बरा. मेल्यानु, त्येच्या अंगात उरलाहा किती, त्येतला पण नेतास. घेवा, डाक्टर. पेलो धरा. बाकीचा तो उठलो की ताजा काढीन, ह्या तुमका.

डॉक्टर – मावशी, मला नको. खरंच नको.

जाईबाई – असा कसा नको? बघा, फेस आसा अजून. हात लावून बघा, कसा ऊन आसा. उपाशी इलात, तोंड सुकलाहा.

डॉक्टर – मी दूध पीत नाही.

जाईबाई – डाक्टर असून दूध पियत नाय? की आमच्या हातचा चलत नाय तुमका? तसा आसात तर सांगा बाबा, रागवाचंय नाय मी.

डॉक्टर – अहो, भलतंच काय! द्या, चहा द्या, आत्ता पितो. शेवंताबाईंच्या हातचा कोरा चहा द्या.

शेवंता – आई, मी टाकते चहा. तो पेला इकडे द्या. उकळून घेते.

जाईबाई – उकळून? ह्या दूध? आजपावत कधी उकळलाहा, की आज उकळतस?

शेवंता – डॉक्टरांना सवय नाही कच्च्याची.

जाईबाई – थांब तू. डाक्टर, माझ्याकडे बघा. मघापासून बघतंय, तुमी त्या पेल्याकडे असे बघतास, जसा काय मी पेल्यात जनावर घालून आणलंय.

डॉक्टर – मावशी...

जाईबाई – काय आसा माझ्या दुधात?

शेवंता – काही नाही, आई.

जाईबाई – तुका नाय विचारलंय. ह्येंका विचारतंय. तुमी पवळीच्या पोराचा विचारलात आणि तोंड उतारला तुमचा. नंतर हात धुतलात. दोनदा धुतलात, गॅलरीतून बघितलंय मी. मी अडाणी आसंय, आंधळी नाय.

डॉक्टर – पवळी आजारी आहे, मावशी. तिचं पिल्लू ज्यानं गेलं, तेच लवूला झालंय असं मला वाटतं. अजून नक्की नाही.

जाईबाई – आजारी? ती? बघा तरी तिच्याकडे. अंगावर काय तेज आसा तिच्या.

डॉक्टर – तिला नाही काही होत. ती फक्त देते.

जाईबाई – दुधातून.

डॉक्टर – दुधातून.

जाईबाई – मी दिलंय ता.

डॉक्टर – मी सांगितलं होतं दूध द्यायला. क्षय म्हणून मी सांगितलं. तुम्ही माझं ऐकलंत.

जाईबाई – नको. माझ्या वाट्याचा तुमी नको घेव. तुमी दूध म्हटलात. उकळू नको असा तुमी नाय म्हटलात.

शेवंता – आई, खाली बसा. बसा बघू. पाणी देऊ?

जाईबाई – ही माका कधीची सांगी होती. आई, एक उकळी आणूया, वास येता कच्चो. मी हिका काय काय बोललंय. म्हटलंय, मुंबयची पोर, तुका काय कळता?

शेवंता – मला तरी कुठे माहीत होतं? मी आपली वासाला म्हणायची.

जाईबाई – डाक्टर. बरो होतलो मां तो?

डॉक्टर – औषध आहे, मावशी. चांगलं औषध आहे. मी शोधून आणतो. आता निघतो मी, रस्ता बंद व्हायच्या आत. रक्त कुणाच्या तरी हाती पडलं पाहिजे. तोवर दूध नको, आणि शेळीला हात लावू नका. मी तिची काय ती व्यवस्था करतो.

जाईबाई – जावा. संभाळून जावा. धूर असात तर तोंडाक फडको लावा. शेवंता, ह्येंका जिन्यापर्यंत सोड, तिसरी पायरी मोडलेली आसा.

शेवंता – आई, हे उठलेत वाटतं. हाक मारतायत. ऐका... दूध मागतायत. तोंडाला कोरड पडलीय म्हणतात.

जाईबाई – पाणी दी तांब्यातला. आणि सांग त्येका, शेळी आटली म्हणून.

शेवंता – आई...

जाईबाई – आटतत गो शेळयो. येक दिवस आटतच. जा, तू सांग, माझ्या तोंडावरून कळतला त्येका. आणि ह्यो पेलो पदराखाली घे. दिसतलो.